सांधा आणि त्याचा शेजार

लोखंडाची एखादी वस्तु मोडली तर ती आज कोणी फार दिवस पडूं देत नाहीं. अकोल्याच्या काय किंवा अमरावतीच्या काय, कोणत्याहि वाहत्या रस्त्याला, एखाद्या जिनिंगच्या आवाराजवळ किंवा मोटार-स्टँडच्या मागल्या बाजूस, निळा झगझगीत उजेड फेंकणारें वेल्डिंगचें दुकान असतेंच. तेथें वस्तु न्यावी, पांच मिनिटें तिकडे पाठ करून उभें राहावें, आणि जोडलेली वस्तु घेऊन घरीं यावें. दाराची कडी, खाटेचा पाय, खिडकीचा गज एवढ्यांना हें पुरतेंहि. परंतु मालमोटारीच्या कमानीचें पान, कापसाची ट्रॉली ओढणारा हूक, यंत्राचा दांडा अशा वस्तूंच्या बाबतींत पुष्कळांना एक विलक्षण अनुभव येतो. सांधा भक्कम दिसतो. त्यावर घण घातला तरी तो हलत नाहीं. मात्र चार दिवसांनीं, कधीं दुसऱ्याच दिवशीं, वस्तु पुन्हां तुटते. आणि ती सांध्यावर न तुटतां सांध्याला लागून असलेल्या मूळच्या धातूंत तुटते, जेथें कारागिरानें हातहि लावलेला नसतो. मालक कारागिराला बोल लावतो, कारागीर मालाला नांवें ठेवतो. दोघांचेंहि म्हणणें अपुरें आहे. माल आधीं वाईट नव्हता. त्या पांच मिनिटांत तो निराळा झाला. तो निराळा कसा झाला, हें सांगण्याचा आज विचार आहे.

त्यासाठीं प्रथम एका घरगुती पदार्थाची आठवण करून देतों. कढविलेलें तूप सावकाश निवूं दिलें, तर तें छान रवाळ होतें. भांडें गार पाण्यांत ठेवून घाईनें निवविलें, तर रवा बारीक पडतो. लोणी तेंच, कढविणारा हात तोच. फरक काय तो निवण्याच्या वेगाचा. वितळलेला धातु गोठतांना असेंच कांहींसें करतो. त्याचे अणु जागजागीं ओळीनें, थरावर थर असे रचले जाऊं लागतात. अशा प्रत्येक जागेपासून एकेक रवा वाढत जातो, आणि शेजारच्या रव्याला भिडला म्हणजे थांबतो. पितळेची पळी, शिवणाची सुई, रेल्वेचा रूळ ह्या साऱ्या वस्तू अशा एकमेकांस भिडलेल्या रव्यांच्या बनलेल्या आहेत. एका मिलिमीटरांत दहापासून शंभरपर्यंत रवे मावावेत, इतके ते सामान्यतः लहान असतात. ते पाहावयाचे तर धातूचा तुकडा आरशासारखा घासून, त्यावर सौम्य अम्ल लावून, सूक्ष्मदर्शकाखालीं धरावा लागतो. हें चित्र दाखविण्याची सोय नभोवाणीस नाहीं. परंतु ज्यांच्या घरीं जस्ताचा मुलामा दिलेली बादली असेल, त्यांनीं तिच्या अंगावरची पानापानांची चकचकीत नक्षी नीट निरखून पाहावी. ती कोणी काढलेली नसते. ते जस्ताचे रवेच होत. तेथें ते मोठे झाल्यामुळें नुसत्या डोळ्यांना दिसतात, इतकेंच.

धातूचे गुण त्यांत कोणकोणतीं द्रव्यें किती आहेत, यावर अवलंबून असतात, हें आपण शाळेंत शिकतों. तें खरें आहे, पण अर्धेंच खरें आहे. एकाच रसांतून ओतलेल्या दोन कांबी घ्या. एक लाटून, ठोकून घडवा; दुसरी तशीच ठेवा. एक तापवून सावकाश निवूं द्या. दुसरी तापवून एकदम पाण्यांत बुडवा. रसायनशाळेंत दोहोंचें पृथक्करण केलें तर अंक हुबेहूब तेच येतील. पण एक वांकेल आणि दुसरी मोडेल. रव्यांचा आकार, त्यांची आंतली रचना, त्यांच्यांत सांठलेला ताण यांनीं हा फरक घडतो. धातूला जे घाव बसले, जो ताप लागला आणि तो ज्या वेगानें निवला, त्या सर्वांची नोंद त्याच्या पोटांत राहते.

घावांचा परिणाम तांबटाइतका कोणाला ठाऊक नसेल. तांब्याचा पत्रा ठोकून खोलगट करतां करतां कांहीं वेळानें तो ऐकेनासा होतो. हातोडीखालीं त्याचा नाद बदलतो, तो ताठरतो. आणि तसाच हट्टानें ठोकीत राहिलें तर कांठाशीं चिरतो. बांधकामाची बारीक तार एकाच जागीं मागें-पुढें वांकविली म्हणजे हा प्रकार कोणालाहि घरीं पाहतां येईल. धातु वांकतो तेव्हां रव्यांतील अणूंची एक सबंध ओळ दुसऱ्या ओळीवरून एकदम सरकत नाहीं. तसें व्हावयास फार मोठें बळ लागलें असतें. अंथरलेली लांब सतरंजी वीतभर पुढें सरकवावयाची असली, तर आपण ती सबंध ओढीत नाहीं; एका टोंकाला सुरकुती पाडतों आणि ती सुरकुती ढकलीत दुसऱ्या टोंकाला नेतों. धातूच्या रव्यांतहि अशा सुरकुत्या असतात. टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघां शास्त्रज्ञांनीं १९३४ सालीं, एकमेकांपासून स्वतंत्रपणें, ही कल्पना मांडली आणि पुढें सूक्ष्मदर्शकांनीं ती खरी ठरविली. गंमत अशी कीं, धातु ठोकला म्हणजे या सुरकुत्या सरकतात खऱ्या, पण नव्याहि पुष्कळ उत्पन्न होतात. त्या एकमेकींत अडकतात, आणि मग कोणतीच पुढें सरकेनाशी होते. धातूचें ताठरणें म्हणजे ही कोंडी.

तांबट अशा वेळीं काय करतो? तो भांडें भट्टींत घालून मंद लाल करतो. त्या उष्णतेनें अणूंना हालचालीस वाव मिळतो, कोंडलेल्या रव्यांच्या जागीं नवे, मोकळे रवे उगवतात, आणि पत्रा पुन्हां मऊ होतो. मग पुन्हां ठोकणें, पुन्हां तापविणें. अखेरचें मठारकाम मात्र थंडपणींच होतें, कारण भांड्याच्या अंगाला जो कणखरपणा पाहिजे, तो त्या शेवटच्या घावांनींच यावयाचा असतो. तापविलेलें तांबें पाण्यांत बुडविलें तरी मऊच राहतें, हें येथें लक्षांत ठेवावें. पुढें लोखंडाच्या वेळीं याचा उपयोग होणार आहे.

पितळेची गोष्ट थोडी निराळी, आणि आपल्या देशाशीं निकट संबंध असलेली आहे. ब्रिटिश अमदानींत हिंदुस्थानांतील लष्कराच्या बंदुकांचीं काडतुसें पितळेच्या नळकांड्यांचीं असत. पावसाळ्यांत हीं काडतुसें कित्येक ठिकाणीं घोड्यांच्या पागेंत सांठवून ठेवीत. पावसाळा सरल्यावर पाहावें तों कोणी हातहि न लावलेल्या काडतुसांना उभ्या भेगा गेलेल्या! ‘ऋतूची भेग’ अशा अर्थाचें नांव इंग्रजींत त्या दुखण्याला पडलें. पण दोष ऋतूचा नव्हता. मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या संशोधकांनीं १९२१ सालीं त्याचा उलगडा केला. पितळेचा पत्रा थंडपणीं ओढून नळकांडें बनवितांना त्याच्या अंगांत ताण सांठून राहिला होता. पागेंतील मूत्रापासून निघणारा अमोनिया दमट हवेंत पितळेवर बसला, आणि त्यानें रव्यांच्या शिवा पोखरल्या. नुसत्या ताणानें भेग पडली नसती, नुसत्या अमोनियानेंहि ती पडली नसती. दोहोंची गांठ पडली म्हणून ती पडली. उपाय अगदीं साधा निघाला: घडण संपल्यावर नळकांडें सुमारें अडीचशेंतीनशें अंशांपर्यंत कांहीं काळ तापवावें, म्हणजे ताण निघून जातो आणि कणखरपणा मात्र बहुतेक शिल्लक राहतो. थंडपणीं दाबून घडविलेली पितळेची घागर गोठ्यालगत ठेवूं नये, असें कोणी म्हणालें तर त्यांत वेडेपणा नाहीं.

आतां लोखंडाकडे वळूं. त्याचा एक गुण तांब्याला नाहीं. शुद्ध लोखंड ९१२ अंशांच्या वर गेलें म्हणजे त्यांतील अणूंची मांडणीच बदलते. तापलेलें लोखंड आणि थंड लोखंड या अंतरंगाच्या दृष्टीनें दोन भिन्न वस्तू होत. तापलेल्या मांडणींत कर्बाला राहावयास जागा असते. थंड मांडणींत ती जवळ जवळ नसते. पोलाद म्हणजे लोखंड आणि थोडासा कर्ब: शेंकडा एक भाग किंवा त्याहूनहि कमी. हें पोलाद तापवून सावकाश निवूं दिलें, तर ७२७ अंशांच्या सुमारास कर्बाला आपलें बिऱ्हाड हलवावें लागतें. तो लोखंडाशीं संयोग पावून पातळ पातळ पदरांच्या रूपानें वेगळा होतो. एक पदर मऊ लोखंडाचा, एक कठीण संयुगाचा, असे चिरोट्यासारखे पदरांवर पदर बनतात. हें पदरी पोलाद बळकट असतें आणि तुटण्यापूर्वीं थोडें वांकतेंहि. पण तेंच तापलेलें पोलाद पाण्यांत बुडविलें, तर कर्बाला बाहेर पडावयास अवधिच मिळत नाहीं. अणूंची मांडणी तर बदलावयाची, आणि कर्ब आंतच कोंडलेला. अशा ओढाताणींतून जी रचना होते, ती अत्यंत कठीण पण कांचेसारखी ठिसूळ असते. मार्टेन्स नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञावरून तिला मार्टेन्साइट म्हणतात. आपल्या लोहारांनीं तिला नांव दिलें नाहीं, पण कृतीला दिलें: ‘पाणी देणें’. कुऱ्हाडीला पाणी दिलें म्हणजे हीच रचना तिच्या धारेंत उत्पन्न केली. चांगला लोहार तेथेंच थांबत नाहीं. तो धार पुन्हां बेतानें तापवितो, उजळलेल्या पोलादावर चढत जाणारा रंग पाहतो, आणि पिवळा, जांभळा किंवा निळा, जसें हत्यार तसा रंग येतांच आंच तोडतो. फिक्या पिवळ्या रंगाला सुमारें सव्वादोनशें अंश, निळ्याला सुमारें तीनशें. त्या रंगांच्या अनुरोधानें ठिसूळपणा उतरतो आणि धार टिकते. उष्णतामापक नसतांना हें तंत्र ज्यांनीं बसविलें, त्यांच्याबद्दल निदान मला तरी फार आदर वाटतो.

हें ज्ञान आपल्या भागांत किती जुनें आहे, याचा पुरावा वऱ्हाडच्या शेजारींच सांपडला आहे. नागपूर जिल्ह्यांतील नैकुंड येथें १९७७ नंतरच्या उत्खननांत लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. तिचा काळ इसवी सनापूर्वीं सुमारें ७०० वर्षांचा मानतात. माहूरझरी व आसपासच्या शिळावर्तुळांतून कुऱ्हाडी, छिन्न्या, कट्यारी अशा वस्तू निघाल्या. पुढें विदर्भांतील अशा कांहीं वस्तूंचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखालीं पाहण्यांत आले, तेव्हां अंग मऊ लोखंडाचें आणि धार कर्ब मुरविलेल्या पोलादाची, असा विवेक त्या कारागिरांना होता असें दिसून आलें. जेथें कठीणपणा पाहिजे तेथेंच तो आणावा, बाकीचें अंग चिवट राहूं द्यावें, हें पोलादाच्या सर्व घडणीचें सार आहे.

सर्वच लोखंड पाण्यानें कठीण होतें असें मात्र नाहीं. कर्ब फारच थोडा असला तर पाणी त्याचें विशेष कांहीं वांकडें करीत नाहीं. बैलगाडीच्या चाकाची धांव हें याचें उत्तम उदाहरण. रबरी चाकें येण्यापूर्वीं कापसाच्या हंगामांत अकोला-अमरावतीच्या बाजारांकडे जाणाऱ्या गाड्यांच्या रांगा ह्या धांवांवरच चालत. मऊ लोखंडाची लांब पट्टी वांकवून लोहार तिचीं दोन्ही टोंकें पांढरीशुभ्र होईपर्यंत तापवी, वर वाळू किंवा टांकणखार टाकून जळलेल्या लोखंडाची खपली पातळ करी, आणि ऐरणीवर घणाच्या घावांनीं दोहोंचें एक करी. मग सबंध धांव शेणींच्या जाळांत तापवून लाकडी चाकावर चढवावयाची आणि लागलीच वर पाणी ओतावयाचें. चाकाचा घेर साडेचार मीटर धरला, तर चारशें अंश तापल्यानें धांव सुमारें दोन सेंटिमीटर वाढते. निवतांना तेवढीच आकसून ती आरे, पुठ्ठे, तुंबा सर्वांना करकचून आवळते. धांवेंत कर्ब जास्त असता, तर त्याच पाण्यानें ती ठिसूळ होऊन पहिल्याच दगडावर तिचे दोन तुकडे झाले असते.

लोहाराच्या त्या सांध्यांत आणि आजच्या विजेच्या सांध्यांत एक महत्त्वाचा भेद आहे. लोहार धातु वितळूं देत नसे. आणि सांधतांना बसणारे घाव नुसते जोडण्याचें काम करीत नसत. फार तापल्यामुळें वाढलेले रवे त्या घावांखालीं मोडून पुन्हां बारीक होत, आणि बारीक रव्याचें लोखंड अधिक बळकट व अधिक चिवट असतें. विजेच्या सांध्यांत धातु वितळतो, गोठतो, आणि बहुधा तसाच ओतीव अवस्थेंत राहतो. त्याला घण लागत नाहीं.

आतां त्या निळ्या उजेडाकडे पुन्हां येऊं. विजेच्या ठिणगीखालीं धातूचें एक लहानसें डबकें तयार होतें, आणि ठिणगी पुढें सरकतांच तें गोठतें. या डबक्यासाठीं जी सळई वापरतात, ती बहुधा कमी कर्बाच्या चांगल्या पोलादाची असते. म्हणून प्रत्यक्ष सांधा सहसा वाईट नसतो. खरें नाट्य त्याच्या शेजारच्या चार-दोन मिलिमीटरांच्या पट्ट्यांत घडतें. डबक्याला लागून असलेला मूळचा धातु वितळत नाहीं, पण वितळण्याच्या बेताला येतो. तेथें रवे झपाट्यानें वाढून भरड होतात. ठिणगी पुढें जातांच हा तापलेला पट्टा निवूं लागतो. आणि तो हवेनें निवत नाहीं, तर त्याच वस्तूचें जें थंड, जाड अंग भोंवतीं पसरलेलें असतें, तें त्याची उष्णता शोषून घेतें. आठशें अंशांवरून पांचशें अंशांवर येण्यास कांहीं सेकंदच लागतात. बाहेरून कोणी पाण्याचा थेंबहि टाकलेला नसतो, पण थंड लोखंड पाण्याचेंच काम करतें. कारागिराच्या नकळत त्या पट्ट्याला पाणी दिलें जातें!

दाराच्या कडीला याचें कांहीं वाटत नाहीं, कारण तिच्यांत कर्ब नाममात्र असतो. पण कमानीच्या पानांत कर्ब शेंकडा अर्ध्या भागाहून अधिक असतो. तेथें सांध्याच्या दोन्ही अंगांस ठिसूळ मार्टेन्साइटची एक एक चिंचोळी पट्टी उभी राहते. तिच्या पलीकडे दुसरी पट्टी अशी असते, कीं जी फक्त सहाशें-सातशें अंशांपर्यंत तापली; तेथें कारखान्यांत दिलेलें मूळचें पाणीच उतरून जातें आणि पोलाद गरजेपेक्षां मऊ होतें. म्हणजे एका बोटाच्या रुंदींत ओतीव धातु, भरड व ठिसूळ धातु, मऊ पडलेला धातु आणि मूळचा धातु असे चार प्रकार शेजारीं शेजारीं नांदूं लागतात. त्यांत सांधा निवतांना धांवेप्रमाणेंच आकसतो; परंतु धांवेखालीं दबणारें लाकूड होतें, येथें चोहोंकडे न दबणारें लोखंड. तो सारा ताण अंगांत राहतो. जड ओझ्याखालीं हजारों वेळां लवणाऱ्या पानाला मग भेग कोठून पडावी, याचा निराळा विचार करावा लागत नाहीं.

पावसाळ्यांत यांत आणखी एक भर पडते. सळईवरचें लेपण दमट असलें तर ठिणगीच्या उष्णतेनें त्यांतील पाण्याचें विघटन होऊन हायड्रोजन वायु वितळलेल्या धातूंत शिरतो. निवल्यावर तो हळूहळू त्या ठिसूळ पट्टींत जाऊन जमतो, आणि ताणाच्या साहाय्यानें बारीक भेगा पाडतो. हें काम लगेच होत नाहीं. कांहीं तास, कधीं दोन दिवसहि लागतात. दुकानांत हातोडी मारून पाहिलेला सांधा घरीं येऊन कां तुटावा, याचें उत्तर पुष्कळ वेळां येथें असतें. मोठ्या कारखान्यांत सळया भट्टींत तीनशें-साडेतीनशें अंशांपर्यंत वाळवूनच वापरतात, आणि महत्त्वाच्या सांध्याची तपासणी दोन दिवस थांबून करतात. रस्त्यावरच्या दुकानांत उघडा पुडा कोपऱ्यांत पडलेला असतो. ओल खाल्लेल्या सळया निदान त्यांच्या वेष्टनावर दिलेल्या सूचनेप्रमाणें वाळवून घ्या, एवढें सांगण्याचा गिऱ्हाइकाला हक्क आहे.

उपाय नाहींत असें नाहीं. वस्तु जोडण्यापूर्वींच दीडशें ते तीनशें अंशांपर्यंत सगळी सारखी तापवून घेतली, तर भोंवतालचें अंग तितकेंसें थंड राहत नाहीं, निवण्याचा वेग मंदावतो, आणि मार्टेन्साइट होण्याचें पुष्कळसें टळतें. जोडल्यावर ती कोरड्या गरम राखेंत पुरून रात्रभर सावकाश निवूं द्यावी. गरम सांध्यावर पाणी ओतूं नये. धांवेवर ओततात म्हणून येथेंहि ओतावें, हा तर्क घातक आहे. आणि कमानीचें पान, आंस, ओढण्याचा हूक यांबाबत मी तर असें म्हणेन कीं, जोडण्याचा लोभच सोडावा. पान बदलावें, हूक नवा घडवून घ्यावा. ज्या वस्तूवर माणसांचा जीव टांगलेला आहे, तिच्यांत शंभर-दोनशें रुपये वाचविण्यांत अर्थ नाहीं. घर बांधणाऱ्यांसाठींहि येथें एक शब्द. स्लॅबच्या आजकालच्या सळ्यांचें बाहेरचें कवच कारखान्यांतच पाण्याच्या फवाऱ्यानें कठीण केलेलें व आंतल्या उष्णतेनें बेताचें उतरविलेलें असतें, गाभा मऊ असतो. अशी सळई आगींत लाल करून वांकविली, कीं विकत घेतलेला तो गुण तेथेंच जळाला. ती थंडपणींच, योग्य घेराच्या खुंटीभोंवतीं वांकवावी.

सांध्याचा दोष मोठ्या प्रमाणावर केवढा अनर्थ करूं शकतो, हें दुसऱ्या महायुद्धांत दिसलें. अमेरिकेनें त्या वेळीं शेंकडों जहाजें रिव्हेटांऐवजीं वेल्डिंगनें जोडून विक्रमी वेगानें बांधलीं. १६ जानेवारी १९४३ रोजीं पोर्टलंड येथें धक्क्याला शांतपणें उभें असलेलें ‘स्केनेक्टडी’ नांवाचें नवें कोरें तेलवाहू जहाज, थंड हवेंत, मोठा आवाज होऊन मध्यावर दुभंगलें. त्या काळचें तें पोलाद थंडींत ठिसूळ होणारें होतें, कोपऱ्यांवर ताण एकवटत होता, आणि सांध्यांत दोष होते. शिवाय रिव्हेटांच्या जहाजांत भेग एका पत्र्याच्या कडेला येऊन अडते. वेल्डिंगच्या जहाजांत सगळे पत्रे मिळून एकच पत्रा झालेला असतो, तेव्हां भेगेला वाट मोकळी. आपल्याकडील मूर्तिजापूर-यवतमाळच्या अरुंद लोहमार्गावर १९२१ सालीं मँचेस्टरला बांधलेलें वाफेचें इंजिन १९९४ पर्यंत धांवत होतें. त्या पिढीच्या इंजिनांचे बॉयलर रिव्हेटांनीं जोडीत. रिव्हेट ठोकतांना भोंवतालच्या पत्र्याचें अंतरंग फारसें बिघडत नाहीं, ही त्या जुन्या, अवजड पद्धतीची जमेची बाजू. म्हणून कोणी पुन्हां रिव्हेटांकडे जावें असें नव्हे. जहाजांचा प्रश्न सुटला तो पोलाद सुधारून आणि सांध्याच्या शेजाराचा अभ्यास करून.

आपल्याकडे हा अभ्यास रोज पणाला लागतो तो बडनेरा-अकोल्यावरून जाणाऱ्या मुंबई-हावडा मार्गावर. पूर्वीं रुळांना ठराविक अंतरावर फटी असत, आणि त्यांवरून जातांना गाडीचा तो परिचित ठेका ऐकूं येई. आतां रूळ सलग सांधलेले आहेत. भिलाईच्या कारखान्यांत १३० मीटर लांबीचे रूळ लाटले जातात, तेथेंच दोन जोडून २६० मीटरांचे होतात, आणि उरलेले सांधे प्रत्यक्ष जागेवर करतात. मे महिन्यांतील वऱ्हाडच्या उन्हांत रूळ साठ अंशांच्या वर तापतो. डिसेंबरच्या पहांटे तो दहा अंशांजवळ येतो. बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंतचा सुमारें ८० किलोमीटरांचा रूळ मोकळा असता, तर या दोन ऋतूंत त्याच्या लांबींत ४५ मीटरांच्या आसपास फरक पडला असता. तो मोकळा नाहीं. स्लीपर आणि खडी यांनीं तो जखडलेला आहे. म्हणून लांबी बदलत नाहीं, ताण बदलतो. उन्हाळ्यांत रूळ दाबला जातो, हिवाळ्यांत ओढला जातो. आणि ओढीच्या वेळीं सर्वांत दुबळी जागा कोणती, तें आपल्याला आतां माहीत आहे.

रुळाच्या पोलादांत कर्ब शेंकडा पाऊण भागापर्यंत असतो, म्हणजे कमानीच्या पानाहूनहि जास्त. तरी तो जोडतां येतो, कारण तेथें घाई करीत नाहींत. जर्मनींतील हान्स गोल्डश्मिट यानें १८९५ च्या सुमारास शोधिलेली रीत आजहि चालते: लोहभस्म व ॲल्युमिनियम यांची भुकटी पेटविली म्हणजे ॲल्युमिनियम भस्मांतील प्राणवायु हिसकावून घेतें आणि त्या झटापटींत अडीच हजार अंशांच्या आसपास तापलेला पोलादाचा रस निर्माण होतो. तो दोन रुळांच्या टोंकांभोंवतीं बसविलेल्या सांच्यांत ओततात. परंतु ओतण्यापूर्वीं रुळाचीं टोंकें ज्योतीनें चांगलीं लाल तापवितात, आणि ओतल्यावर साचा लगेच काढीत नाहींत. त्यामुळें शेजारच्या पट्टींत मार्टेन्साइट न होतां चिरोट्याच्या पदरांची रचना होते. एक उणीव तरीहि राहतेच. त्या पट्टीच्या बाहेरच्या कडेला पोलाद थोडें मऊ पडतें, आणि चाकांखालीं तेथें हळूहळू खळगा पडतो. म्हणून सांधा घासून सपाट करतात, ध्वनिलहरी आंत सोडून भेगा शोधतात, आणि तपासणी होईपर्यंत दोन्ही बाजूंस पट्ट्यांचा आधार देऊन ठेवतात.

एवढें करूनहि कडाक्याच्या थंडींत रूळमार्गावर माणसें गस्त घालतात. पहांटेच्या सुमारास, रूळ सर्वांत गार व सर्वांत ताणलेला असतो तेव्हां, हातांत दिवा घेऊन ते एकेका सांध्यापाशीं थांबतात, आणि उजेड सांध्यावर धरून मग त्याच्या अलीकडे-पलीकडे, दोन्ही बाजूंच्या त्या चार बोटांवर धरतात.